राईतली वाळकी काटकी



आज गीता, अध्याय ३, श्लोक १२. देवांनी दिलेलं त्यांचा वाटा न देता जो एकटाच भोगतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. पापी नाही, अज्ञानी नाही. चोर!

हा श्लोक आला की मला आमच्या सिंधुदुर्गातल्या देवराया आठवतात. कितीतरी गावांत नियम असा, की राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी घरी न्यायची नाही. देवळाच्या कामाला लाकूड लागलं तरी आधी देवाला कौल लावायचा. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या अशा राया हिंडून अभ्यासल्या. बऱ्याच राया झऱ्याच्या किंवा ओढ्याच्या काठी असतात. पाऊस तिथे मुरतो, आणि खालच्या विहिरींना, मळ्यांना पाणी मिळतं. म्हणजे गावाला राईतून मिळतं ते असं, मातीतून झिरपत. आणि आमची सातेरी तर वारुळाच्या रूपात पुजली जाते. माती हीच देवी.

आता आपलं बघा. आपण पुण्या-मुंबईहून लॅपटॉप बंद करून जातो, झाडाखाली दोन दिवस बसतो, 'रिचार्ज' होऊन परततो. एक फांदी तोडत नाही. पण मिळालेली शांती हाही भोगच ना? मला वाटतं, आहे. मग त्यातला वाटा कुणाला आणि कसा द्यायचा?

माझा आत्तेभाऊ गावीच असतो. मी 'इथे किती शांत वाटतं रे' म्हटलं, तर तो म्हणाला, "तुका शांती व्हयी, माका लावणीक माणसां व्हयी." सातबारावर नावं ढीगभर, चिखलात उतरणारे दोघं. निम्मे कुणगे पडीक.

कुणी म्हणेल, पैसे पाठवतो की आम्ही. बरोबर आहे, पैशाला कमी लेखू नये. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर कोकणातली कितीतरी घरं उभी राहिली. पण पडीक जमिनीत पैसा रोप लावत नाही, आणि शेतातच अर्थ सापडतो म्हणणाऱ्याने शेताला निदान तोंड तरी दाखवावं. गंमत बघा, गणपतीला आपण रजा भांडून घेतो. लावणीला कुणी मागतच नाही.

या जुलैत मी चार दिवस टाकलेत. वर्क फ्रॉम होम नव्हे, रजा. माझा तिथे उपयोग किती, ते भाऊ सांगेलच.

उद्या श्लोक १३. तो जेवणाआधी वाचा.