शिकारीचा वाटा

आमच्या कोकणातल्या गावी शिकार पडली की ती कोणा एकाची नसे. बंदूकवाल्याचा मान वेगळा, हाकाऱ्यांचे वाटे वेगळे. आणि ज्या घरी कर्ता पुरुष नाही तिथेही केळीच्या पानात बांधलेला एक वाटा जाई. तो पोचवण्याचे काम आम्हां मुलांकडे असे. गोष्ट १९६५च्या आसपासची. मामांनी भेकर मारले होते. घरच्या पातेल्यात पडणारे मांस आजी उजेडाला धरून, बोटांनी चाचपून त्यातले छर्रे वेचीत होती. पानातले वाटे मात्र तसेच बांधले गेले. शेजारच्या काकींनी पान हातात घेताना विचारले, "छर्रे काढलेत ना रे बाबू?" मी "हो" म्हणालो. आपण खोटे बोललो असे तेव्हा वाटलेसुद्धा नाही. देणाऱ्याला प्रश्न विचारायचा नसतो, एवढेच वाटले.

दान ही गोष्ट आपण फार लवकर पवित्र मानतो. मारलेले हरीण विकले तर तो धंदा, वाटले तर तो धर्म, अशी आपली सोपी विभागणी असते. आणि ही विभागणी केवळ भाबडी आहे असेही नाही. अमेरिकेचा कायदा पुष्कळसा तिच्यावरच उभा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी शिकार झाली आणि तिने रानेच्या राने ओस पाडली. आकाश झाकोळून टाकणारे प्रवासी कबुतर १९१४ साली कायमचे नाहीसे झाले, आणि पांढऱ्या शेपटीची हरणे काही लाखांवर आली. १९००च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची राज्याराज्यांतून होणारी ने-आण रोखली. राज्यांनीही रानातल्या हरणाच्या मांसाची विक्री बंद केली. परवानाधारक शिकाऱ्याने ते स्वतः खावे किंवा कोणाला फुकट द्यावे, विकू मात्र नये. युक्तिवाद सरळ होता: पोटाला सीमा असते, मैत्रीलाही असते, बाजाराला ती नसते.

पुढे लांडगे गेले, शेते आणि उपनगरे वाढली, आणि हरणे कोटींच्या घरात पोचली. तेव्हा या फुकट देण्यालाच संस्थेचे रूप आले. व्हर्जिनियात १९९१ साली आणि मेरीलँडमध्ये १९९७ साली अशा संस्था निघाल्या. शिकारी हरीण खाटकाकडे पोचवतो, कापण्याचा खर्च संस्था वर्गणीतून भागवते, आणि खिमा गरिबांच्या अन्नछत्रात जातो. १९९६च्या एका कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्याला, त्याचा घोर निष्काळजीपणा नसेल तर, कोर्टकचेरीपासून संरक्षणही दिले आहे.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नेमकी उलट वाट धरली. हरणाची शिकार आधी परवान्यापुरती उरली आणि पुढे पूर्ण बंद झालीच. पण मेलेले हरीणही सरकारची मालमत्ता ठरले, आणि परवानगीवाचून ते विकणे जसा गुन्हा, तसेच भेट देणेही. प्रथमदर्शनी हे कठोर वाटते. विक्रीवर बंदी समजते. शेजाऱ्याला वाटा देण्यात कोणते पाप? परंतु उत्तर आपल्याच महाभारतात आहे. वनपर्वातले पांडव द्वैतवनात हरणे मारीत, त्यावर स्वतः जगत आणि ब्राह्मणांना जेवू घालीत. एके रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात ती हरणे आली. आम्ही थोडीच उरलो आहोत, बीजापुरती तरी राहू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. आपण विकत नाही, अतिथींना घालतो, असा बचाव धर्मराजाला करता आला असता. त्याने तो केला नाही. सकाळी भावांना घेऊन तो काम्यकवनाकडे निघाला. हरणे उरलेलीच नसतील तर वाट्याचे पुण्य कोणाच्या खाती मांडायचे? रान भरलेले असताना जे दान आहे, तेच रान रिते असताना दुसऱ्याच्या मालकीची उधळण होते. दोन देशांचे कायदे परस्परविरुद्ध दिसतात, पण प्रश्न दोघांचा एकच आहे.

रानाचा प्रश्न असा सुटला, तरी माणसाचा उरतोच. २००८ साली नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने अन्नछत्रांत आलेल्या हरणाच्या खिम्याची यंत्राने तपासणी केली, तेव्हा त्यात शिशाचे कण दिसले. वेगवान बंदुकीची गोळी फुटते आणि तिचे कण जखमेपासून दूरवर विखुरतात. ते इतके बारीक असतात की बोटांना कळत नाहीत. राज्याच्या आरोग्य खात्याने ते मांस न वाटण्याचा सल्ला दिला. शिकारी रागावले. आम्ही आणि आमची मुले हेच खातो, मग गरिबांनाच ते विष कसे, असा त्यांचा सवाल होता. पुढे सातशेवर लोकांचे रक्त तपासले गेले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांत शिसे किंचित अधिक निघाले, पण तेव्हाच्या धोक्याच्या मर्यादेपलीकडे कोणीच नव्हते. मिनेसोटात दानाचे मांस क्ष-किरणांखाली तपासू लागले.

शिकाऱ्यांचा सवाल प्रामाणिक होता, हे मान्य करूनही मला तो अपुरा वाटतो. मी जे खातो तेच देतो, ही दानाची चांगली कसोटी आहे. पण ती शेवटची नव्हे. शिकाऱ्याला आपण कुठे गोळी घातली हे ठाऊक असते, जखमेभोवतीचे मांस तो सढळ हाताने कापून टाकू शकतो, आणि नको वाटले तर त्याला दुसरे काही शिजवता येते. अन्नछत्राच्या रांगेतल्या आईला यातले काहीच नसते. अन्न दोघांचे एक, निवड एकाचीच. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काळ आणि पात्र पाहून दान करावे असे म्हटले आहे. 'पात्र' म्हणजे घेणाऱ्याची लायकी, असाच अर्थ आपण लावीत आलो. घेणाऱ्याची अगतिकता ओळखणे, त्याला सगळे सांगणे आणि नको म्हणण्याची मोकळीक ठेवणे, हेही पात्र पाहण्यातच येत नाही काय?

कायदा सद्भावनेला संरक्षण देतो, ते योग्यच आहे. नाहीतर कोणी कोणाला घासही देणार नाही. पण सद्भावना हा देणाऱ्याचा गुण आहे. घेणाऱ्याच्या ताटात सद्भावना पडत नाही, मांस पडते.

मामांची सद्भावना खोटी नव्हती. आजीचीही नव्हती, तिचे हात दोनच होते आणि वाटे बरेच होते. तिने माझ्याबरोबर एवढा निरोप दिला असता, की छर्रे काढायचे राहिलेत, पाहून घ्या, तरी पुरते. काकींनी मला विचारले तेव्हा तर निरोपाचीही गरज नव्हती.