सभासद

आमच्या विहिरीचं पाणी तांबूस झालं नि त्याला मळीचा वास येऊ लागला. ओढ्यापलीकडं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं तळं होतं. एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर सांडपाणी निघतं. ते तिथं साठवत. तळं पाझरलं, पाणी मुरमातून खाली उतरलं.

तक्रार द्यायला निघालेले दादा उंबऱ्यातच थांबले. "कारखाना कुणाचा रं? सभासद आपणच. ऊस आपला, दिवाळीची साखरबी आपल्याच घरात."

फायद्यात वाटा, तसा पापातही, हे मला पटलं. म्हणून मीही गप्प बसलो. चूक तिथंच झाली. वस्तीवरच्या शेतमजुरांकडं ना शेअर ना साखर. त्यांचा हापसाही तांबडंच पाणी ओकत होता. आपल्या वाट्याचं पाप आपण सोसावं. ते दुसऱ्याला पाजायचा हक्क आपल्याला कुणी दिला?