नववा प्रश्न

डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली अमरावतीत कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. शरीरातले जंतू गेले तरी घरचं दार उघडत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून तिथे औषधाच्या जोडीला शेती आली, उद्योग आले. त्याच वर्षी मंजूर झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतही आरोग्य म्हणजे फक्त रोग नसणं नव्हे, तर शरीराचं, मनाचं आणि सामाजिक स्वास्थ्यही, अशी व्याख्या आली. ते मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र उरलाच.

पहिली मोजपट्टी डॉक्टरांच्याच हाती राहिली. 1940च्या दशकाअखेर अमेरिकेत कार्नोफ्स्कींनी कर्करुग्णांसाठी 0 ते 100 गुणांची पद्धत आणली. रुग्णाला किती हिंडता-फिरता येतं ते डॉक्टर बघणार आणि आकडाही तेच लिहिणार. रुग्णाचं स्वतःचं उत्तर पुरावा मानायला पुढे काही दशकं गेली. 1990च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने दिल्ली आणि मद्राससह जगभरच्या केंद्रांतून जीवनमानाची 100 प्रश्नांची यादी तयार केली, मग तिची 26 प्रश्नांची आवृत्ती काढली. मला हे पाऊल एखाद्या नव्या औषधाइतकं मोलाचं वाटतं.

नैराश्यासाठीची पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली 2001 साली आली. पुढच्या दशकात मानसिक आरोग्यासाठीच्या 'विश्राम' प्रकल्पाने अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत काम केलं, तेव्हा त्याच्या पाहणीत हीच प्रश्नावली होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण आधी 4.3 टक्के होतं, ते 27.2 टक्क्यांवर गेलं. विचारल्याशिवाय यातलं काहीच कळलं नसतं.

पण प्रश्न विचारतात मागच्या दोन आठवड्यांचे. जूनमध्ये पेरणी करून आभाळाकडे डोळे लावलेल्या अकोल्याच्या शेतकऱ्याचे दोन आठवडे आणि कापूस विकून झाल्यावरचे दोन आठवडे सारखे कसे असतील? झोप नीट लागते का, असं विचारलं तर रानडुकरांमुळे रात्रभर जागलीला बसणारा माणूस काय सांगेल? 'रोजच' या उत्तराचे तीन गुण होतात आणि जागल कागदावर येतच नाही. म्हणून ते गुण खोटे ठरत नाहीत; त्याची झोप खरोखरच गेलेली असते. प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी कोऱ्या असाव्यात आणि माणूस जे बोलला ते त्याच्याच वऱ्हाडीत तिथे उतरावं, एवढं मला हवं आहे.

नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. गावात तो विचारणारी अनेकदा आशाताई असते, त्याच गल्लीतली, उत्तर देणाऱ्याच्या घरच्यांना ओळखणारी. तिच्यासमोर 'हो' म्हणायला केवढं बळ लागत असेल! ते उत्तर आल्यावर बेरीज नंतर करता येते. त्या क्षणी आशाताईला फोनवर डॉक्टर मिळाला पाहिजे, आणि त्या माणसाला दवाखान्यात नेणारं वाहन त्याच दिवशी गावात यायला हवं.