कर्ज घराचे की भावाचे?

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि सुर्ला, पाळी, वेळगे या डिचोली तालुक्यातल्या पट्ट्यात खनिजाचे ट्रक दारात उभे राहिले. ट्रक एकाच्या नावावर, बँकेच्या हप्त्यांची झळ मात्र सगळ्या घराला. हे कर्ज घराचे की भावाचे? एकत्र राहणाऱ्या भावांपुढचा हा प्रश्न जुनाच. अठराव्या शतकातल्या मराठी पत्रव्यवहारातही तो भेटतो. बदलत गेले ते त्याचे उत्तर.

पहिले उत्तर सरळ होते: चूल एक, तर देणेही एक. पेशवे बाजीराव मोहिमांवर जात, धाकटे भाऊ चिमाजीअप्पा लढतही आणि कारभारही सांभाळत. सावकारांच्या तगाद्याने जेरीस आल्याची बाजीरावांची कैफियत धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत वाचायला मिळते. स्वामी त्यांचे गुरू, आणि कर्ज देणारेही. 1740 च्या एप्रिलात बाजीराव गेले. देणे मागे राहिले आणि मुलगा नानासाहेब यांच्या माथी आले. बापाचे ऋण फेडणे हे धर्मशास्त्राने पुत्राचे कर्तव्यच ठरवले होते. तिथे हात झटकायला जागा नव्हती.

तडा पुढच्या पिढीत दिसतो. 1758 मध्ये नानासाहेबांचे धाकटे भाऊ रघुनाथराव लाहोरपर्यंत धडकले. कीर्ती झाली, पण इतिहासकार ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे त्या मोहिमेने ऐंशी लाख रुपयांहून अधिक कर्ज करून ठेवले. पुण्यात जमाखर्च पाहणारे चिमाजीअप्पांचे चिरंजीव सदाशिवरावभाऊ यांनी जाब विचारला. पुढच्या स्वारीला तुम्हीच जा, असे रघुनाथरावांनी सुनावले. स्वारी राज्याची होती, तोटा मात्र एका भावाच्या खात्यावर मांडला गेला.

त्याच सुमारास आमच्या गोव्याकडची माणसे उत्तरेत नशीब काढत होती. पेडण्यातल्या केरीचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांच्या फौजेत मोठ्या पदाला पोचले. दूर गेलेल्याने घरी पैसे पाठवायचे तर रोकड वाटेत लुटली जाण्याची भीती, म्हणून हुंडी. तिकडच्या पेढीवर रक्कम भरायची, इकडच्या पेढीने हुंडी पटवायची, हुंडावण, म्हणजे त्याबद्दलचा आकार, सावकाराची. हुंडीने पैसे पोचत; ते कर्जफेडीला, लग्नाला की देवकार्याला, हे पत्रातच लिहावे लागे. एका पंगतीला बसणाऱ्यांना जे बोलावेही लागत नाही, ते दूरच्या भावाला शाईने सांगावे लागते. आणि एकदा आकडे कागदावर आले की तुझे किती, माझे किती, हेही दिसू लागते.

भावाभावांच्या या हिशेबात कायदा शिरला की काय होते, ते त्याच शतकातल्या आयर्लंडमध्ये दिसले. कॅथलिक घराण्यांच्या जमिनींचे तुकडे पडावेत म्हणून 1704 च्या कायद्याने बापाची जमीन सर्व मुलग्यांत सारखी वाटायला लावली. मात्र थोरला प्रॉटेस्टंट झाला तर सगळी त्याची. ही तरतूद 1778 मध्ये उठली. तोवर भावाच्या धर्मावर भावाची भाकरी अवलंबून होती.

आमच्याकडे कायदा आला तो वेगळ्या वाटेने. डिचोली, पेडणे अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. 1870 पासून गोव्यात लागू झालेल्या 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने भावाभावांची कौटुंबिक भागीदारी ओळखली. वर्षाहून अधिक काळ घर, जेवण, मिळकत-खर्च आणि नफा-तोटा एकत्र असेल, तर करारपत्र नसतानाही भागीदारी धरावी, असे ती सांगते. 1880 च्या हुकुमाने इथल्या हिंदूंच्या चालीरीतींनाही लेखी रूप मिळाले. चुलीवरचा विश्वास कलमांत आला, आणि फारकतीचीही रीत ठरली. आज वाटणीवर एकमत नसेल तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीचा, दावा लागतो आणि वडिलोपार्जित घरासाठी वारसच एकमेकांविरुद्ध बोली चढवतात.

हिशेब आला आणि भाऊपण गेले, असा निष्कर्ष मला मान्य नाही. शेकडो कोसांवरच्या भावांना आकड्यांनी भरलेल्या पत्रांनीच एका घरात धरून ठेवले. घरे मोडली ती लिहिणे थांबल्यावर, मनात धरलेल्या हिशेबांनी. आता मोबाइलवरून पैसे क्षणात पोचतात, पण ते उसने, मदत की वाटा, हे कुणी सांगत नाही. तेव्हा भावाला पैसे देताना किंवा त्याच्याकडून घेताना दोन ओळी जरूर लिहा, आणि त्या एकत्र जेवत असतानाच लिहा.