झाकली मूठ

निष्ठेची थोरवी सांगणाऱ्या म्हणींना आपल्या भाषेत तोटा नाही. खाल्ल्या मिठाला जागावे. घरचे भांडण चव्हाट्यावर नेऊ नये. दातही आपले आणि ओठही आपलेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. या म्हणी एकत्र कुटुंबाच्या माजघरात वाढल्या आणि तेथून शाळेत, कचेरीत, खेळाच्या मैदानावरही जाऊन बसल्या. अकरा जणांचा संघ झाला, की तेही एक घरच होते. अशा घरातला एखादा गडी जेव्हा सांगतो, की माझ्या जातीवरून किंवा माझ्या रंगावरून येथे माझा अपमान होतो, तेव्हा उरलेल्या दहांनी काय करावे? मूठ झाकलेली ठेवावी, की उघडावी?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, कारण निष्ठा ही काही टाकाऊ वस्तू नव्हे. आमच्या मावळातल्या कोणत्याही शाळेत कबड्डीचा डाव पाहा. चढाई करणारा अंगावर आला असता साखळीतला हात सोडून जो मागे सरतो, त्याला कोणी आपल्या बाजूला घेत नाही, आणि ते योग्यच आहे. पण साखळी म्हणजे सातही हात. त्यांतला एक हात मोडला, आणि बाकीचे ‘गप्प बस, नाहीतर डाव जाईल’ असे त्यालाच बजावू लागले, तर हात सोडला कोणी?

तळेगावाहून पुणे हाकेच्या अंतरावर आहे. त्या पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पळवणकर बाळू नावाचा चांभाराचा मुलगा युरोपियनांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी राखीत असे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत असे. डाव्या हाताने तो असा चेंडू वळवी, की गोऱ्यांना हरवण्याची ईर्ष्या असलेल्या पुण्याच्या हिंदू खेळाडूंना त्याच्यावाचून चालेना. वादविवाद झाला आणि अखेर त्याला संघात घेतले. मैदानावर सगळ्यांचा चेंडू एकच. विटाळ आडवा आला नाही. पण चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, आणि बाळूला तो बाहेर, साध्या मातीच्या टाकाऊ भांड्यात मिळे. दोन्ही भांडी मातीचीच. माणसाने त्यांत केवढे अंतर घातले!

पुढे १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ साली ते एम. डी. पै यांना मिळाले. सत्काराच्या वेळी पै यांनी उघड सांगितले, की हा मान माझ्या मित्राचा, बाळूंचा होता. अनुभवाने ते वडील आहेत. टाळ्या घेऊन, हार घालून घरी जाणे त्यांना काय कठीण होते? पण गळ्यातला हार कोणाचा आहे, हे त्यांनी हार घालणाऱ्यांनाच सांगितले.

१९२० साली प्रश्न हातघाईवर आला. पै आजारी होते. पहिल्या सामन्यासाठी ४४ वर्षांच्या बाळूंना वगळण्यात आले आणि नेतृत्व त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून देवधरांकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले, आणि आपण ‘अस्पृश्य’ गणले जातो म्हणून हा अपमान होतो, असे त्यांनी जाहीर केले. ऐन सामन्याच्या तोंडावर संघ सोडला म्हणून दोष देणारे तेव्हा असतील आणि आजही मिळतील. पण परिणाम पाहा. अंतिम सामन्याला दोघे परत आले, बाळू उपकर्णधार झाले. आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे सूत्रे बाळूंच्या हाती यावीत. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ विजयी झाला. मूठ उघडली म्हणून संघ बुडाला नाही. उलट तेव्हाच तो पुरता संघ झाला.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर क्लबात अझीम रफिक या कराचीत जन्मलेल्या खेळाडूने २०२० साली वंशद्वेषाची तक्रार केली. त्याचा छळ झाल्याचे क्लबच्या चौकशीत मान्य झाले, पण २०२१ च्या ऑक्टोबरात क्लबाने सांगितले, की कोणावरही कारवाई होणार नाही. त्याच्या वंशावरून वापरलेला अपशब्द त्या चौकशीने मित्रांमधली थट्टा ठरवला. पुढे त्या क्लबला ४ लाख पौंडांचा दंड झाला. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रफिकनेच २०११ साली ज्यूंविषयी वाईट मजकूर लिहिला होता, हे मागाहून उघड झाले. त्याने माफी मागितली. त्याने त्याची तक्रार खोटी ठरत नाही. दुखापत झालेला माणूस साधू असलाच पाहिजे, अशी अट कोणता वैद्य घालतो?

‘थट्टा’ हा शब्द मात्र आपल्या फार ओळखीचा आहे. ‘ए काळ्या’ अशी हाक ज्या मैदानावर ऐकू येत नाही, ते मैदान मला दाखवा. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी हैदराबादच्या संघात खेळे, तेव्हा त्याला ‘कालू’ म्हणत. तो हसून ओ देई. अर्थ कळला, तेव्हा २०२० साली त्याने जाब विचारला. प्रेमानेच म्हणत होतो, असे एका सहकाऱ्याने सांगितले आणि तो प्रश्न तेथे मिटला. मिटला तो मात्र विचारल्यामुळे. हाक मारणाऱ्याच्या मनात प्रेम असेलही. पण ती टोचली की नाही, हे ज्याला मारली तोच सांगणार. वर्गात मुले एखाद्याला आडनावावरून काही म्हणतात, तेव्हा सगळ्यांच्याबरोबर तोही हसतो. ते हसू हा त्याचा रुकार नव्हे; घोळक्यात राहण्यासाठी भरलेली ती पट्टी असते.

मग ज्याच्यावर आरोप आला, त्या मित्राचे काय? त्याला लगेच वाळीत टाकावे, असे मी म्हणत नाही. आरोप तपासावा, त्याचे म्हणणे ऐकावे, त्याच्या शेजारी बसावे, त्याचा डबाही वाटून घ्यावा. पण त्याच्यासाठी खोटे बोलू नये, आणि पाहिलेले पाहिले नाही असे म्हणू नये. अपराध्याला सोबत देणे हे मैत्रीचे काम आहे. अपराध झाकणे हे मैत्रीचे नव्हे, भीतीचे काम आहे. आणि नीट पाहिले, तर अशा वेळी मौन कधीच मधोमध उभे नसते. ते नेहमी बलवानाच्या बाजूला झुकते, कारण जो दुबळा असतो, त्याला तुमच्या शब्दांची गरज असते.

दिवाळीच्या सुट्टीत मुले सामन्यांच्या गप्पा घेऊन घरी येतात. किती धावा केल्या, किती गडी बाद केले, हे आपण हौसेने विचारतो. त्याबरोबर हेही विचारून पाहावे, की तुझ्या संघात चहा बाहेर कोणाला मिळतो? मुलाला उत्तर ठाऊक असते. ते मोठ्याने सांगितल्याने संघाची नाचक्की होईल, असे आपण त्याला शिकवायचे, की तेवढ्यासाठीच संघ असतो असे शिकवायचे, हे ठरवणे मात्र आपल्याकडे आहे.