धसका आणि हृदय

वडीगोद्री धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. अशा गावांत अपघातातून वाचलेला माणूस शोधावा लागत नाही. हाडं जुळतात, टाके निघतात, घरचे देवाला नारळ फोडतात. पण महिने लोटले तरी ट्रकचा हॉर्न ऐकला की त्याची छाती धडधडते, गाडीला हात लावायचं तो टाळतो, मध्यरात्री ओरडत उठतो. ‘धसका घेतलाय त्यानं,’ एवढं बोलून लोक कामाला लागतात. तो धसका पुढे हृदयाला भोवू शकतो, हे त्याला कुणी सांगत नाही.

धोका दिसला की रक्तात अ‍ॅड्रिनलिन उतरतं, नाडी धावते, रक्तदाब चढतो, रक्त गोठायला सज्ज होतं. जीव वाचवायला हे सगळं हवंच. धोका टळल्यावर ते ओसरायला हवं. लोक ज्याला धसका म्हणतात, त्या आघातोत्तर तणावाच्या विकारात (पीटीएसडी) ते पुरतं ओसरत नाही. एरवी झोपेत रक्तदाब दहा टक्के किंवा त्याहून अधिक उतरतो, हृदयाला तेवढीच उसंत मिळते. रोज रात्री घामाघूम होऊन उठणाऱ्याला ती कुठून मिळणार? वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, चरबीचे थर चढतात. भर म्हणून तंबाखू आणि दारू वाढते, चालणं-फिरणं सुटतं.

मुळात अशा माणसाची प्रकृतीच नाजूक असेल, अशी शंका येते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या अमेरिकन जुळ्या भावांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे कामी येतो. हा विकार असलेल्यांत हृदयविकार दुपटीहून जास्त आढळला. एका भावाला विकार आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्यांतही फरक टिकला. म्हणजे सारा दोष रक्ताच्या नात्यावर ढकलता येत नाही.

उलटंही घडतं. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या साधारण आठांपैकी एकाला याच विकाराची लक्षणं दिसतात. गोळी हातात घेतली की झटका आठवतो, म्हणून काही जण गोळीच टाळतात.

असा धसका अख्ख्या परिसरालाही बसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन आटोपून झोपलेल्या किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसं गेली. वाचलेल्यांना घरं मिळाली, पण मनातली भीती घरासोबत बदलत नाही. मराठवाड्यातल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजताना ‘झोप लागते का, काय आठवतं?’ एवढं तरी विचारावं. आणि तुमच्या घरात असं कुणी असेल, तर छातीत दुखल्यास थेट दवाखाना गाठा. भीतीसाठी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.