हाताच्या आवाक्यातले हरीण

वाचकहो, आष्टी, पाटोदा किंवा शिरूर कासार या बाजूला तुमचे घर वा नातेगोते असेल, तर पुढील प्रसंग तुम्हाला अगदीच परका वाटणार नाही. रात्री उशिरा दारावर थाप पडते. ओळखीचा, कदाचित नात्यातलाच माणूस बाहेर उभा असतो. हातात स्टीलचा डबा. "हरणाचा वाटा आहे, भाभी. बिस्मिल्लाह म्हणून जबह केलंय," एवढेच तो हळू आवाजात सांगतो आणि निघून जातो. गृहिणीच्या हातात डबा राहतो आणि मनात एक प्रश्न. हरीण तर हलाल आहे. मग हा माणूस हळू का बोलला?

हरणाचे मांस हलाल आहे की नाही, हा मुळी वादाचा विषयच नाही. इस्लामने शिकारीला परवानगी दिली आहे आणि तिचे नियमही सांगितले आहेत. शिकविलेल्या कुत्र्याने वा पक्ष्याने धन्यासाठी धरून ठेवलेले जनावर अल्लाहचे नाव घेऊन खाण्याची मुभा सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत आहे. हजरत अदी बिन हातिम (र.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना शिकारीविषयी किती बारकाईने प्रश्न विचारले, हे हदीसच्या ग्रंथांत वाचावयास मिळते. कुत्र्याने स्वतःच खाल्ले तर? बाण लागलेले जनावर पाण्यात बुडालेले सापडले तर? बाणाचे टोक न लागता आडवी काठी लागून ते मेले तर? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'खाऊ नका' असे मिळाले. प्रेषितांचे चुलते हजरत हमजा (र.) हे तर मक्केतील नामांकित शिकारी. शिकारीहून परतत असताना, खांद्यावर धनुष्य असतानाच, अबू जहलने आपल्या पुतण्याचा केलेला अपमान त्यांच्या कानावर आला आणि त्याच दिवशी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. शिकारी माणूस म्हणजे क्रूर माणूस, असे आपला इतिहास म्हणत नाही.

तेव्हा ज्यांना रानाची ओढ आहे, त्यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. बालाघाटच्या माळावर पहाटे उभे राहिलेल्या माणसाला ती ओढ समजते. वाऱ्याची दिशा, ओल्या मातीतला खुरांचा ठसा, ताज्या आणि शिळ्या लेंडीतला फरक, कुसळी गवतात दबून बसलेले पाडस हे सारे ज्याला वाचता येते, त्याला सृष्टीची जी ओळख असते ती पुस्तकातून मिळत नाही. जुन्या शिकाऱ्यांना मैलोगणिक पायपीट करावी लागे, रात्र उघड्यावर काढावी लागे आणि पुष्कळदा हात हलवीत परत यावे लागे. त्या श्रमात एक प्रकारचा न्याय होता. हरणाला पळण्याची संधी होती आणि माणसाला चुकण्याची.

आज माळावर काय चालते? गाडीच्या वा बॅटरीच्या झोताने डोळे दिपलेले हरीण जागच्या जागी थिजते. कोठे फासे लावले जातात, कोठे जाळे ताणून कळप त्यावर हाकलला जातो. उन्हाळ्यात तर तेवढेही कष्ट नकोत. दुष्काळी माळावर एखादाच पाणवठा उरलेला असतो आणि तहानलेला कळप तेथे येणार हे ठरलेलेच असते. बंदूक वापरली, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. गोळीने मेलेले, जबह होण्यापूर्वीच प्राण गेलेले जनावर अनेक हनफी उलेमांच्या मते खाण्यास योग्य नाही, कारण गोळी कापत नाही, आघाताने मारते. अंधारात, पकडले जाण्याच्या घाईत सुरी वेळेवर फिरली की नाही, हे डबा घेऊन येणाऱ्याला तरी कोठे ठाऊक असते?

आपण ज्याला सरसकट हरीण म्हणतो, ते आपल्या भागात बहुधा काळवीट किंवा चिंकारा असते. शास्त्रज्ञ त्यांना कुरंग म्हणतात. त्यांची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत. काळविटांसाठी शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये अभयारण्य झाले. आपल्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील नायगावचे अभयारण्य मोरांच्या नावाने ओळखले जाते. पण कळपांना सीमा कळत नाहीत. ते ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांतून आणि पडीक माळांवरून फिरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि चिंकारा या दोघांनाही पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे. त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा कारावास आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात शिरूर कासार तालुक्यातील हरणांच्या शिकारीचे आरोप राज्यभर गाजले. त्यात कोण दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यासाठी प्रश्न वेगळा आहे. पोलीस नसते, वनरक्षक नसता, तर आपण काय केले असते?

पवित्र कुरआनने नेमका हाच प्रश्न विचारला आहे, आणि तोही शिकारीच्याच संदर्भात. सूरह अल्-माइदाच्या ९४ व्या आयतीचा आशय असा की, अल्लाह श्रद्धावंतांची परीक्षा अशा शिकारीने घेईल, जी त्यांच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात असेल, जेणेकरून न पाहता त्याचे भय बाळगणारा कोण, हे उघड व्हावे. काही भाष्यकारांनी या आयतीचा संबंध हिजरी सन ६ मधील हुदैबियाच्या प्रवासाशी जोडला आहे. मुसलमान एहराममध्ये होते आणि रानातील पशुपक्षी त्यांच्या तळाभोवती असे वावरत होते, जसे त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. हात पुढे केला असता तर सापडले असते. बनी इस्राईलच्या एका वस्तीची कसोटी शनिवारीच वर येणाऱ्या माशांनी घेतली गेली, तेही कुरआनात आहे. ते लोक त्या कसोटीत उतरले नाहीत.

एरवी आपण समजतो की परीक्षा म्हणजे संकट, उपासमार, आजार. येथे परीक्षा आहे ती सोपेपणाची. वस्तू हलाल आहे, हाताशी आहे, कोणी पाहत नाही. फक्त या वेळी, या ठिकाणी तिची मनाई आहे. दिव्याच्या झोतात थिजलेले काळवीट आणि हुदैबियाच्या तळाशी आलेले ते जनावर यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, एहरामचा नियम एहरामपुरता. आम्ही तर शिरूरच्या माळावर आहोत. आक्षेप रास्त आहे, तो झटकून टाकता येणार नाही. कायद्याने मनाई केलेली शिकार आणि एहराममधील शिकार यांचा शरीअतमधील दर्जा एक नाही, आणि एहराममधील शिकारीचे प्रायश्चित्त येथे लागू करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या नियमातून एवढे तर कळतेच की हलाल वस्तूसुद्धा काळ, स्थळ आणि स्थिती यांच्या बंधनात येऊ शकते. 'हलाल आहे' हे उत्तर मांसाविषयीच्या प्रश्नाचे झाले. मारण्याचा हक्क तुम्हाला, आज, येथे आहे का, हा प्रश्न त्यानंतर शिल्लक राहतो. मदीनेच्या दोन लाव्हाभूमींमधील प्रदेश प्रेषितांनी हरम ठरविला. हजरत अबू हुरैरा (र.) म्हणत की, मदीनेत हरणे चरताना दिसली तर मी त्यांना बिचकवणारसुद्धा नाही. हरीण तेथेही हलालच होते. आणि ज्या देशात आपण करार म्हणून नागरिकत्व स्वीकारले, त्याचे सार्वजनिक हिताचे नियम पाळणे हे त्याच सूरहच्या पहिल्या आयतीतील वचनपूर्तीच्या आदेशाबाहेरचे कसे मानावे?

मुवत्तामध्ये एक प्रसंग आहे. दोन माणसे एहराममध्ये घोडे पळवीत होती. त्यांच्या हातून एक हरीण मारले गेले. त्यातील एकजण हजरत उमर (र.) यांच्याकडे निवाड्यासाठी आला. उमर यांनी शेजारच्या माणसाला जवळ बोलावले, दोघांनी विचार केला आणि एक बकरी देण्याचा निर्णय सांगितला. तो माणूस जाताना पुटपुटला, हे कसले अमीरुल मोमिनीन, एका हरणाचा निवाडाही दुसऱ्याला विचारल्याशिवाय करता येत नाही! उमर यांनी ऐकले, त्याला परत बोलाविले आणि विचारले, सूरह अल्-माइदा वाचतोस का? तो नाही म्हणाला. वाचतो म्हणाला असतास तर फटके दिले असते, असे उमर म्हणाले. कारण त्या सूरहमध्येच आज्ञा आहे की निवाडा दोन न्यायी माणसांनी करावा. तो दुसरा माणूस होता हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.). ज्याच्या राज्यात दोन साम्राज्ये येत होती, तो खलीफा एका मेलेल्या हरणाचे मोल एकट्याने ठरवीत नाही.

याउलट मोगल बादशहा जहांगीरने आपल्या शिकारीचा हिशेब ठेवविला होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ प्राणी-पक्षी मारले गेले, त्यातील १७,१६७ त्याच्या स्वतःच्या हातचे, असे तो आत्मचरित्रात नोंदवितो. पुढे नातू शुजा आजारी पडला, तेव्हा त्याने स्वहस्ते जीव न मारण्याचा संकल्प केला आणि काही वर्षांनी तो मोडलाही. मुसलमान बादशहा होता म्हणून त्याचा कित्ता आपला ठरत नाही. शिकारीच्या मागे लागलेला माणूस गाफील होतो, असा इशारा हदीसमध्ये आहे. निष्कारण मारलेली चिमणी कियामतच्या दिवशी तक्रार घेऊन उभी राहील, असेही हदीसमध्ये आले आहे. मोबाईलवर मेलेल्या काळविटाच्या शिंगांना धरून काढलेली छायाचित्रे कोणत्या भुकेची असतात, हे मी सांगण्याची गरज नाही.

भुकेचाही प्रश्न आहेच. पारधी समाजाचे पूर्वज फासे लावूनच जगले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो शिक्का पुसला गेला, लोकांच्या मनातून मात्र नाही. एकाच्या कृत्यासाठी सबंध समाजाकडे बोट दाखविणे म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला वेगळे समजावून द्यावे लागू नये. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही, त्याची विवशता आणि जीपमधून मौजेखातर जाणाऱ्यांची रात्र एका तराजूत घालता येत नाही. शेतकऱ्याचेही तसेच. कोवळा हरभरा एका रात्रीत खुडून जाणारा कळप ज्याने सोसला, त्याला शहरातून उपदेश करणे सोपे आहे. शासनाची भरपाई आहे. त्यासाठी पंचनामा आणि हेलपाटेही आहेत. राखण करावी, कुंपण घालावे, कळप हाकलावा, हा त्याचा हक्क आहे, आणि भरपाई वेळेवर मिळावी म्हणून त्याच्या बाजूने अर्ज लिहिणे हे आपल्यातील लिहित्या-वाचत्या तरुणांना करण्याजोगे काम आहे.

एक हदीस मला राहून राहून आठवते. प्रेषित (स.) एहराममध्ये मक्केकडे निघाले होते. वाटेत एक जखमी रानगाढव आढळले. त्याचा शिकारी आला, तो एहराममध्ये नव्हता, त्याने ते आनंदाने देऊ केले आणि मांस सोबत्यांत वाटले गेले. म्हणजे शिकारीचे मांस नाकारले गेले नाही. थोडे पुढे गेल्यावर सावलीत अंग मुडपून पडलेले एक हरीण दिसले. त्याच्या अंगात बाण रुतलेला होता. प्रेषितांनी एका माणसाला त्याच्याजवळ उभे राहण्यास सांगितले. सगळा काफिला पुढे निघून जाईपर्यंत कोणी त्याला त्रास देऊ नये म्हणून. त्या माणसाचे नाव त्या कथनात दिलेले नाही. इतके लोक शेजारून जात असताना तो एका घायाळ हरणाशेजारी उभा राहिला.

आता तो डबा. आपल्या घरांत शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. सकाळी तो डबा तसाच, न उघडता परत करा. सोबत आपल्या घरातले काही द्या, बकऱ्याचा रस्सा असेल, शिरा असेल. आणि ज्याने आणला त्याला आत बोलावून बसवा, चहा पाजा, आणि काल रात्री तो ज्या गोष्टीविषयी हळू बोलला तिच्याविषयी नेहमीच्या आवाजात बोला.